मत दिलं, पण मन कुठे होतं? आमदार-खासदारांच्या मतदानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अधिवेशन संपलं की आमच्याकडे प्रश्नांची रीघ लागते. कुणी आमदाराचं भाषण ऐकून चिडलेलं असतं, कुणी बातमीतला आकडा वाचून गोंधळलेलं असतं. 'आमचा माणूस नेमका कुठल्या बाजूचा?' हा सगळ्यांचा मूळ सवाल. त्यातले पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेला मुद्दा शक्यतो दुसऱ्यात परत मांडलेला नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमदाराने एखाद्या विधेयकाला मत दिलं म्हणजे त्याला ते विधेयक पटलेलं असतं का?

पटलेलं असू शकतं, पण नुसत्या मतावरून तसं म्हणता येत नाही. आपल्याकडे सभागृहात पडणारं मत बहुतेक वेळा पक्षाचं असतं. आमदार ते पक्षाच्या वतीने टाकतो. पक्षाचा आदेश मोडला तर आमदारकी जाऊ शकते (प्रश्न २). त्यामुळे मताच्या नोंदीवरून पक्षाची भूमिका नक्की कळते. त्या माणसाचं स्वतःचं काय म्हणणं आहे, हे कळायला दुसरीकडे पाहावं लागतं (प्रश्न १३).

२. व्हिप म्हणजे नेमकं काय? तो मोडला तर काय होतं?

व्हिप म्हणजे पक्षादेश. पक्षाने नेमलेला प्रतोद तो काढतो. पद्धत ब्रिटिश संसदेकडून आली आहे. कागदावर मजकुराखाली एक ओळ मारली असेल तर ती नुसती कल्पना, दोन ओळी म्हणजे हजर राहा, तीन ओळी म्हणजे हजर राहून पक्ष सांगेल तसंच मत द्या. वर्तमानपत्रात 'तीन ओळींचा व्हिप जारी' असं छापून येतं ते हेच.

या आदेशाला दात आले ते १९८५ साली. त्या वर्षी ५२वी घटनादुरुस्ती झाली आणि राज्यघटनेला दहावी अनुसूची जोडली गेली. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं, किंवा आदेश असताना मतदानच टाळलं, तर सदस्य अपात्र ठरू शकतो. दोनच वाटा मोकळ्या आहेत: आधी परवानगी घेणं, नाहीतर पक्षाने १५ दिवसांच्या आत ते वर्तन माफ करणं. पक्षातून नुसती हकालपट्टी झाली तर निवडून आलेली जागा आपोआप जात नाही. व्हिप मोडला तर मात्र ती पणाला लागते.

हा कायदा घाऊक पक्षांतराला आळा घालण्यासाठी आला होता. 'आयाराम गयाराम' हा शब्द १९६७च्या हरियाणातून आला, आणि त्या काळाची किळस खरीच होती. पण औषध इतकं कडक झालं की सरकार पाडायला निघालेला आमदार आणि एखाद्या सिंचन विधेयकातल्या एका कलमावर प्रामाणिक मतभेद असलेला आमदार, दोघांना एकच डोस मिळतो. हे मला कधीच पटलेलं नाही.

३. पण प्रत्येक लहानसहान विधेयकाला व्हिप कशाला? कोर्टाने यावर काही म्हटलं होतं ना?

म्हटलं होतं. 'किहोटो होलोहान' खटल्याच्या १९९२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दहावी अनुसूची वैध ठरवली. त्याच निकालात सुचवलं, की अपात्रतेची तलवार लटकवणारा आदेश सरकारवरील विश्वास-अविश्वासापुरता, किंवा ज्या धोरणावर पक्षाने लोकांकडून मतं मागितली तशा मूलभूत विषयांपुरता असावा. त्याआधी १९९० साली दिनेश गोस्वामी समितीनेही असंच सुचवलं होतं. खासदार मनीष तिवारी यांनी याच धर्तीवर लोकसभेत अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या सदस्याने स्वतःहून आणलेलं) मांडलं. अनुसूचीतली ती ओळ अजून जशीच्या तशी आहे आणि पक्ष हव्या त्या विधेयकावर व्हिप काढतात.

४. 'आवाजी मतदानाने विधेयक मंजूर' अशी बातमी येते. मग माझ्या आमदाराने काय केलं हे कसं कळणार?

कळणार नाही. हा प्रश्न सगळ्यांत कमी लोक विचारतात, खरं तर तोच पहिला विचारायला हवा.

अध्यक्ष प्रस्ताव मतास टाकतात. अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणायचं, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणायचं. कुठला आवाज मोठा याचा अंदाज घेऊन अध्यक्ष सांगतात, 'होयचे बहुमत'. संपलं. कोण 'होय' म्हणालं, कोण 'नाही', कोण मोबाइलमध्ये पाहत होतं आणि कोण उपाहारगृहात बसलं होतं, याची नावानिशी नोंद होत नाही. नोंद हवी असेल तर सदस्याने तिथल्या तिथे मतविभागणी मागावी लागते. मग कुणी कुठे मत दिलं याची मोजणी होते. महाराष्ट्र विधिमंडळात बहुतांश विधेयकं आवाजी मतदानानेच पार होतात.

यातलं राजकारण समजायला १२ नोव्हेंबर २०१४चा दिवस आठवा. भाजपचे १२२ आमदार निवडून आले होते आणि बहुमताचा आकडा १४५. देवेंद्र फडणवीस यांच्या अल्पमतातल्या सरकारला विश्वास मिळवायचा होता. राष्ट्रवादी काँग्रेसने बाहेरून पाठिंब्याची तयारी जाहीर केली होती. ठराव आवाजी मतदानाने संमत झाला. शिवसेना आणि काँग्रेसने मतविभागणीसाठी गदारोळ केला, पण तोवर निर्णय जाहीर झाला होता. त्या दिवशी राष्ट्रवादीच्या एकाही आमदाराच्या नावापुढे 'बाजूने' किंवा 'विरोधात' लिहिलं गेलं नाही. ज्यांना मत मागायला पुन्हा गावात जायचं होतं, त्यांच्यासाठी ही केवढी मोठी सोय!

राज्यसभेतही हे घडलं. २० सप्टेंबर २०२०ला कृषी विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर झाली, विरोधकांची मतविभागणीची मागणी मान्य झाली नाही, आणि गोंधळाबद्दल दुसऱ्या दिवशी आठ खासदार निलंबित झाले. देशभर वर्षभर आंदोलन पेटवणाऱ्या त्या कायद्यांवर वरिष्ठ सभागृहात कुठल्या खासदाराने काय मत दिलं, याची यादी आज उपलब्ध नाही, कारण ती कधी तयारच झाली नाही.

५. 'एकमताने मंजूर' झालं म्हणजे सगळ्यांनाच मान्य होतं ना?

एकमत म्हणजे कुणी मोठ्याने 'नाही' म्हटलं नाही, इतकंच. २० फेब्रुवारी २०२४ला विधिमंडळाच्या विशेष अधिवेशनात मराठा समाजाला १० टक्के आरक्षण देणारं विधेयक एकमताने मंजूर झालं. त्याआधीचं २०१८चं आरक्षण सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१मध्ये रद्द केलं होतं, आणि नवा कायदा कोर्टात टिकेल का, याबद्दल विरोधी बाकांवरून उघड शंका घेतल्या जात होत्या. ओबीसी नेत्यांच्या मनातली अस्वस्थताही लपलेली नव्हती. तरी विरोधात हात वर करण्याची राजकीय किंमत कुणालाच परवडणारी नव्हती. अशा विषयावर २८८ जणांचं एकमत पाहून मत ओळखायला जाऊ नये. तिथे दिसतो तो मतदारांचा दबाव.

६. जनसुरक्षा विधेयकाला विरोधकांनी विरोध केला की नाही? दोन्ही बाजूंनी वेगवेगळं ऐकू येतं.

कडव्या डाव्या संघटनांविरुद्धचं महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक १० जुलै २०२५ला विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर झालं. चर्चेत विरोधी सदस्य बोलले, शंका मांडल्या, पण मंजुरीच्या वेळी ठाम विरोध नोंदवणारे म्हणून नाव पुढे आलं ते डहाणूचे माकप आमदार विनोद निकोले यांचं. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत मात्र विरोधकांनी सभात्याग केला. एका रात्रीत विधेयक बदललं नव्हतं. बदललं होतं ते बाहेरचं वातावरण.

त्याआधी हे विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त चिकित्सा समितीकडे होतं आणि समितीत विरोधी पक्षांचेही आमदार होते. ज्याला खरोखर आक्षेप असतो, त्याच्यासाठी समितीच्या अहवालाला जोडायची भिन्नमतपत्रिका हे हक्काचं हत्यार असतं. अशी एकही पत्रिका आली नाही, असं मुख्यमंत्र्यांनी सभागृहात सांगितलं. नंतरच्या मोर्च्यांतल्या घोषणा मनापासून असतीलही. पण कागदावर विरोध लिहिण्याची जागा आणि वेळ होती तेव्हा ती कोरी राहिली, याचं मला अजून वाईट वाटतं.

७. एखाद्याने विधेयकाच्या विरोधात मत दिलं, तर तो त्या उद्देशाच्याच विरोधात आहे, हे तरी नक्की ना?

तेही नक्की नाही. सप्टेंबर २०२३मध्ये महिला आरक्षणाचं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झालं. त्या दोन मतांपैकी एक तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील यांचं, दुसरं असदुद्दीन ओवैसी यांचं. ओबीसी आणि मुस्लिम महिलांना त्यात वेगळा वाटा नाही, हा त्यांचा आक्षेप होता. तो पटो वा न पटो, 'महिलांना आरक्षण नको' असा त्या मताचा अर्थ होत नाही. उलट बाजूला, ४५४ जणांतही ओबीसी कोटा मागणारे, आरक्षण पुढच्या जनगणनेवर आणि मतदारसंघ पुनर्रचनेवर का टांगलं असं विचारणारे बरेच होते. त्यांनी हरकती भाषणात मांडल्या आणि मत बाजूने दिलं.

विधेयक म्हणजे एक गाठोडं असतं. त्यातलं एक कलम हवं आणि दुसरं नको असं शेवटच्या मतदानात म्हणता येत नाही. कलमवार मत बघायचं असेल तर त्याआधी कुणी कोणती दुरुस्ती सुचवली आणि तिच्यावर कोण कसं वागलं ते पाहावं.

८. सभात्याग, तटस्थ राहणं आणि गैरहजर राहणं, यात फरक काय?

तटस्थ सदस्य सभागृहात बसलेला असतो आणि तशी नोंद करू शकतो. लोकसभेत त्यासाठी वेगळं बटण आहे. सभात्याग करणारा निषेध सांगून बाहेर जातो. गैरहजर माणूस काहीच सांगत नाही: आजारपण असेल, लग्न असेल, किंवा मुद्दाम असेल.

परिणामाच्या हिशेबात मात्र तिघे सारखेच. साधं विधेयक 'हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या' बहुमताने मंजूर होतं, त्यामुळे बाहेर गेलेल्या प्रत्येकामुळे बहुमताचा आकडा खाली येतो. ३० जुलै २०१९ला तिहेरी तलाकचं विधेयक राज्यसभेत ९९ विरुद्ध ८४ने मंजूर झालं. विधेयकाला विरोध सांगणाऱ्या संयुक्त जनता दलाने सभात्याग केला, विरोधी बाकांवरचेही कित्येक जण आले नाहीत. निषेध झाला आणि विधेयकही पार पडलं.

अपवाद घटनादुरुस्तीचा. तिथे एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर मतदारांचं दोन तृतीयांश, अशा दोन्ही अटी लागतात. त्यामुळे पहिल्या अटीपुरती गैरहजेरी ही जवळपास विरोधी मतासारखीच ठरते.

९. एकाच पक्षाने लोकसभेत 'हो' आणि राज्यसभेत बहिर्गमन, असं का होतं? खरी भूमिका कुठली धरायची?

नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाबद्दल हा प्रश्न अजून येतो. डिसेंबर २०१९मध्ये शिवसेनेने लोकसभेत विधेयकाला पाठिंबा दिला आणि दोन दिवसांनी राज्यसभेत तिचे खासदार मतदानाआधी बाहेर पडले. मध्ये काय होतं? महाराष्ट्रात काँग्रेस आणि राष्ट्रवादीसोबतचं सरकार जेमतेम दोन आठवड्यांचं होतं. दोन्ही मतं खरी धरावीत. पहिल्यातून पक्षाचा पिंड दिसला, दुसऱ्यातून नव्या घरातलं वास्तव.

१०. गुप्त मतदान असेल तर तरी आमदार मनासारखं मत देतो ना?

धाक नसतो हे खरं. म्हणून मनच दिसतं असं नाही, आणि दिसलं तरी कुणाचं ते कळत नाही.

आपल्याकडे तीन वेगवेगळ्या रीती आहेत. विधान परिषदेसाठी आमदार गुप्त मतदान करतात. राज्यसभेसाठी २००३पासून खुलं मतदान आहे: मतपत्रिका पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवावी लागते, पण इतर कुणाला दिसता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली कुलदीप नायर खटल्यात ही पद्धत उचलून धरली. राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपतिपदासाठी गुप्त मतदान असतं आणि व्हिप काढता येत नाही.

जून २०२२मध्ये महाराष्ट्राने दहा दिवसांत पहिल्या दोन्ही रीती पाहिल्या. १० जूनला राज्यसभेच्या निवडणुकीत शिवसेनेचे आमदार सुहास कांदे यांचं मत, पत्रिका दाखवण्याच्या आक्षेपावरून बाद झालं. २० जूनला परिषदेच्या निवडणुकीत मतं फुटली, काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले, आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे आमदारांसह सुरतकडे निघाले. फुटलेली मतं कुणाची, याची यादी कुणाकडे नाही.

'अंतरात्म्याचा आवाज' हा शब्दही याच संदर्भातला. १९६९च्या राष्ट्रपती निवडणुकीत इंदिरा गांधींनी विवेकबुद्धीने मत द्यायला सांगितलं, आणि पक्षाचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी हरले, व्ही. व्ही. गिरी जिंकले. २००७ साली शिवसेनेने युतीचा उमेदवार सोडून प्रतिभाताई पाटील यांना मराठी म्हणून पाठिंबा दिला, तो मात्र लपूनछपून नव्हे, जाहीरपणे.

११. मत विकलं गेलं असेल तर? 'सभागृहातल्या मताला संरक्षण आहे' असं ऐकलं.

होतं. १९९८च्या नरसिंह राव खटल्यातल्या निकालाने लाच घेऊन सभागृहात मत देणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण दिलं होतं. ४ मार्च २०२४ला सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने सीता सोरेन खटल्यात ते उलटवलं. आता मत देण्यासाठी घेतलेल्या लाचेला विशेषाधिकाराचं कवच नाही, आणि राज्यसभा निवडणुकीतल्या मतालाही हेच लागू आहे. भाषणाचं आणि प्रामाणिक मताचं स्वातंत्र्य अबाधित आहे.

१२. एकाच पक्षाचे दोन प्रतोद, दोन व्हिप! मग कुणी बंड केलं हे मतावरून कसं ठरवायचं?

४ जुलै २०२२ला शिंदे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर (१६४ विरुद्ध ९९) शिवसेनेचे दोन प्रतोद आपापला आदेश घेऊन उभे होते, शिंदे गटाचे भरत गोगावले आणि ठाकरे गटाचे सुनील प्रभू. प्रत्येक आमदाराने एक व्हिप पाळला आणि दुसरा मोडला. ११ मे २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा (म्हणजे सभागृहातल्या त्या पक्षाच्या आमदारांच्या गटाचा) नाही, आणि अध्यक्षांनी गोगावले यांना दिलेली मान्यता बेकायदा होती. पुढे १० जानेवारी २०२४ला अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी शिंदे गटालाच खरी शिवसेना ठरवलं, गोगावलेंचा व्हिप वैध मानला, तरी ठाकरे गटाच्या आमदारांनाही अपात्र केलं नाही. कारण? व्हिप त्यांच्यापर्यंत रीतसर पोचला नव्हता. अशा वेळी मतावरून निष्ठा ओळखता येते, निष्ठा नेमकी कुणाशी असायला हवी होती हे ओळखता येत नाही.

१३. मतावरून कळत नसेल, तर आमदाराचं खरं म्हणणं शोधायचं कुठे?

जिथे व्हिप पोचत नाही तिथे. समितीतली भिन्नमतपत्रिका (प्रश्न ६) मी सगळ्यांत वर ठेवते, कारण ती स्वतःच्या सहीने लिहावी लागते. मग सुचवलेल्या दुरुस्त्या. मग अशासकीय विधेयकं: ती क्वचितच मंजूर होतात, पण एखाद्याने कोणता विषय स्वतःहून उचलला ते दिसतं. तारांकित प्रश्न (ज्यांचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे सरकारचं लक्ष वेधणारी सूचना), भाषणं यानंतर. भाषण सगळ्यांत जास्त ऐकलं जातं, पण त्यावर भिस्त सगळ्यांत कमी ठेवावी, कारण समोर कॅमेरा असतो. हजेरीचे आकडे वाचताना एक ध्यानात ठेवा: मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत, त्यामुळे त्यांच्या नावापुढची रिकामी जागा म्हणजे दांडी नव्हे.

अपक्षांना व्हिप नसतो, त्यामुळे त्यांचं मत हे पुष्कळदा जास्त बोलकं असतं. नामनियुक्त (निवडून न येता नेमलेला) सदस्य सहा महिन्यांच्या आत पक्षात गेला तर त्यालाही व्हिप लागतो. अध्यक्ष एरवी मतच देत नाहीत, बरोबरी झाली तरच देतात.

१४. 'मनातून विरोध होता, व्हिपमुळे मत द्यावं लागलं' असं आमचे आमदार खासगीत सांगतात. हे मान्य करायचं का?

त्यांची अडचण मान्य करा, जबाबदारी सोडू नका. कायदा त्यांच्या मतावर उभा राहिला आहे, मनावर नाही.

आणि अडचणीतून वाट काढणारे झालेत. चिंतामणराव देशमुख केंद्रात अर्थमंत्री होते, कुलाब्यातून निवडून आलेले. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा १९५६ साली त्यांनी मंत्रिपद सोडलं आणि लोकसभेत उभं राहून कारण सांगितलं. १७ एप्रिल १९९९ला नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोज यांनी पक्षादेश मोडून वाजपेयी सरकारविरुद्ध मत दिलं. सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं आणि सोज यांना पक्षाने काढलं. त्यांचं मत योग्य होतं की अयोग्य, यावर वाद घाला. पण ते मत कुणाचं होतं, याबद्दल वाद नाही.

कधी पक्षही मोकळीक देतात. एप्रिल २०२५मध्ये वक्फ विधेयकाच्या वेळी बिजू जनता दलाने राज्यसभेतला निर्णय खासदारांच्या विवेकावर सोडला. अशा दिवशी पडलेलं मत खुशाल त्या व्यक्तीचं समजा.

१५. मुलगी इंग्लंडमध्ये असते. ती म्हणते, तिथे खासदार पक्षाविरुद्ध सर्रास मत देतात. खरं का?

खरं आहे. तिथेही व्हिप असतो, पण तो मोडला म्हणून खासदारकी जात नाही. फार तर पक्ष संसदीय गटातून काढतो. सद्सद्विवेकाच्या विषयांवर व्हिपच काढत नाहीत: इच्छामरणाच्या विधेयकावर २९ नोव्हेंबर २०२४ला मोकळं मतदान झालं, ३३० विरुद्ध २७५, आणि एकाच पक्षाचे लोक दोन्ही बाजूंना होते. अमेरिकेत पक्षाची पकड आणखी सैल. पण तिथेही फसू नये. सिनेटमधला बहुमताचा नेता स्वतःच्याच प्रस्तावावर कधी कधी मुद्दाम 'नाही' म्हणतो, कारण प्रस्ताव हरला तर फेरविचार मागण्याचा हक्क विरोधात मत देणाऱ्याला मिळतो.

१६. मग मी माझ्या आमदाराला नेमकं काय विचारू?

'तुमचा पाठिंबा होता का?' असं विचारलंत तर गुळगुळीत उत्तर मिळेल. विधेयकाचं नाव आणि तारीख घेऊन जा आणि विचारा: त्या दिवशी सभागृहात होतात का? मतविभागणी मागितली होती का, नसेल तर का नाही? कोणत्या कलमावर दुरुस्ती दिलीत? समितीत होतात तर भिन्नमतपत्रिका का नाही? व्हिप होता का, आणि नसता तर काय केलं असतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी मागा. विधिमंडळाचं कामकाज छापलं जातं, ते आधी वाचून जा. आणि पुढच्या अधिवेशनात तुमच्या जिव्हाळ्याचं विधेयक येणार असेल, तर पत्र मंजुरीच्या आधी पाठवा: 'बाजूने द्या किंवा विरोधात द्या, पण मत नावानिशी नोंदवायला सांगा.'